पाणी गेल्यावर नळ हवा ओढतो आणि पुढच्या पाळीला आधी घाण पाणी येतं. चूक आमची की नगरपालिकेची?

तुम्ही लिहिलंय त्यावरून : पाणी दोन दिवसांआड येतं, दाब नाही म्हणून नळ अडीच फुटी खड्ड्यात उतरवलाय, पाणी गेलं की नळ ‘सूंऽऽ’ करतो आणि पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं पाण्याला वास येतो. नगरपालिका म्हणते, आम्ही शुद्धच पाणी सोडतो.

नगरपालिका बहुधा खरंच सांगतेय. तुम्हीही खरं सांगताय. घाण दोघांच्या मधे शिरते. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी २२ वर्षं काढली, त्यातली निम्मी असल्या तक्रारींमागे फिरण्यात गेली.

आधी तो ‘सूं’. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली म्हणजे पाणी जिथल्या तिथे थांबत नाही. वरच्या आळीच्या पाइपात उरलेलं पाणी उताराच्या घरांकडे जातं, कारण तिथले नळ अजून उघडे असतात. वर पोकळी होते आणि ती भरायला जे सापडेल ते आत ओढलं जातं. नळाचं तोंड मोकळ्या हवेत असेल तर हवा जाते. खड्ड्यात साचलेल्या पाण्यात बुडालेलं असेल तर खड्डाच आत जातो. त्या खड्ड्यात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे : भांड्यांचं पाणी, मोरीचा ओघळ, पावसाळ्यात गटारसुद्धा.

आमच्याकडे एकदा उताराच्या टोकाच्या घरातून तक्रार आली, नळाला निळं पाणी येतंय. कुणाचा विश्वास बसेना. शोधता शोधता चार घरं वर पोचलो. तिथल्या मावशींनी टबात नीळ कालवली होती, नळाची रबरी नळी टबाच्या तळाशी सोडलेली, आणि तेवढ्यात पाणी गेलं. टब निम्मा झाला तो कपड्यांनी पाणी शोषलं म्हणून, असा त्यांचा समज. नीळ होती म्हणून सापडलं तरी. सांडपाण्याला असा रंग नसतो.

ही आपल्याच गावची रड आहे असं समजू नका. १९६९ साली अमेरिकेत वूस्टर शहरातल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाला कावीळ झाली. मैदानाला पाणी मारायचे नळ जमिनीखाली खड्ड्यांत बसवलेले होते आणि कावीळ झालेली शेजारची मुलं त्या खड्ड्यांतल्या पाण्यात खेळायची. शहरात आग लागली, बंबांनी पाणी ओढल्यावर लाईनचा दाब पडला आणि खड्ड्यांतलं पाणी सरावानंतर खेळाडू जिथे पाणी प्यायचे त्या लाईनीत गेलं. खेळाडू, प्रशिक्षक वगैरे ९७ जणांपैकी ९० जणांना लागण झाली. दोन सामन्यांनंतर हंगामच रद्द करावा लागला. तिथे दाब पडायला आग लागावी लागली. आपल्याकडे तो दर पाळीला वेळापत्रकाने पडतो.

आता काय करायचं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तोटी. हसू नका, खड्ड्यातल्या निम्म्या नळांना तोटीच नसते, पाणी येईल तेवढं येऊ दे म्हणून काढून टाकलेली असते. तोटी बसवा आणि धार बारीक व्हायला लागली की बंद करा, पूर्ण थांबायची वाट बघू नका. नळी बादलीत, पिंपात बुडवून ठेवायची सवय मोडा.

त्यापुढचं काम थोडं खर्चाचं. खड्ड्याच्या जागी झाकणाचा पक्का हौद बांधा. त्यात पडणारा नळ हौदाच्या ओव्हरफ्लोच्या वर दोन इंच मोकळा राहिला पाहिजे. नियम असा की हे अंतर नळाच्या व्यासाच्या दुप्पट हवं आणि कितीही बारीक नळ असला तरी एक इंचाखाली नको. एवढी हवा मधे असली की हौदातलं पाणी उलटं चढूच शकत नाही. तुमच्या दाबाने नळ तेवढ्या उंचीवर पोचत नसेल तर हौद आणखी खोल घ्या, पण नळ बुडवू नका. आणि ओव्हरफ्लोचा पाइप गटारात सोडू नका, नाहीतर केलं ते वाया.

प्लंबर म्हणेल, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) टाकतो, झालं. टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या लाईनीतून रेती आणि गंज येतो. त्याचा एक कण झडपेत अडकला की ती पुरती मिटत नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. मोकळ्या हवेच्या दोन इंचांत बिघडण्यासारखं काही नाही.

थेट लाईनला मोटर लावणारा शेजारी हा वेगळाच विषय. तो पाणी चालू असतानाही लाईनीत ओढ तयार करतो, मग गटारातून गेलेल्या जुन्या जीआय (लोखंडी) पाइपाच्या प्रत्येक भोकातून घाण आत येते. बोअरची लाईन नगरपालिकेच्या लाईनीला एका व्हॉल्व्हने जोडलेली असेल तर तीही तोडून घ्या.

नगरपालिकेचीही चूक आहेच. लाईनीत चोवीस तास दाब असला तर गळतीतून पाणी बाहेर जातं, आत येत नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय. गळके जोड आणि गटारातले पाइप बदलणं हे त्यांचं काम, त्यासाठी आळीच्या सह्यांचा अर्ज द्या. अर्जाआधी ओटी टेस्ट करून घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी : थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पहिल्या पाण्यात पिवळा रंग आला नाही तर ते पाणी नुसतं पाइपात पडून राहिल्यानेही असू शकतं. पण अर्ध्या तासानंतरही तुमच्याकडे रंग नाही आणि वरच्या आळीत आहे, तर मधल्या पाइपात काहीतरी शिरतंय. वेळ आणि घर लिहून ठेवा.

हे होईपर्यंत पहिली दहा मिनिटं संडासाला वापरा आणि प्यायचं पाणी उकळा. प्युरिफायरचं विचारलंत : घ्यायचा तर घ्या, पण आधी तोटी.