जुलैत नाशिकला चित्रपुस्तकांतल्या मूळ जलरंग चित्रांचं प्रदर्शन भरवतोय. चित्रं चित्रकारांकडून उसनी आणणार आहोत. फ्रेम आणि मांडणी कशी करावी?

उसनी चित्रं म्हणजे फ्रेमवाल्याला आधीच बजावा: फेविकॉल, सेलोटेप, डबल टेप काही लावायचं नाही. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, मग तो डाग जात नाही. मागून वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, त्याही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, पुरेत. बाकी कडा मोकळ्या ठेवा. पावसाळी हवेत कागद फुगतो आणि चारही बाजूंनी आवळला असेल तर त्याला लाटा पडतात.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त आणि काच चित्राला टेकणार नाही इतका जाड हवा. फ्रेमच्या मागचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळीही चित्राला थेट लागू देऊ नका.

माउंटची खिडकी कापताना कडा झाकू नका, हा माझा आग्रह. या चित्रांची खरी गंमत तिथेच असते: रंग तपासायला मारलेले फटकारे, पेन्सिलीच्या कटिंग खुणा, मजकुरासाठी रिकामं सोडलेलं आभाळ. शेजारी छापील पुस्तक तेच पान उघडून ठेवा. छपाईत कुठला रंग मेला, हे मुलं आपल्याआधी ओळखतात.

प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास ठेवा. नुकसान साठत जातं. 500 लक्सखाली 8 दिवस म्हणजे 50 लक्सखाली 80 दिवस. बाटलीतले डायचे रंग आणि फ्लुओरोसेंट गुलाबी सगळ्यांत आधी उडतात, म्हणून कोणते रंग वापरलेत ते चित्रकारांना विचारून घ्या.

सभागृह कुसुमाग्रज स्मारकातलं असो की दुसरं कुठलं, पाऊस लागल्यावर जाऊन भिंतींना हात लावून बघा. ओल असेल त्या भिंतीवर चित्र नको. इतर भिंतींवरही फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहते. आर्द्रता 45 ते 55 टक्के उत्तम; 65 च्या वर टिकून राहिली तर बुरशीची भीती. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार तर फार वाईट, त्या चढउताराने कागद सारखा फुगतो-आकसतो.

चित्राचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून 150 सेंमीवर धरतात. इथे 110 ठेवा, मोठे वाकतील. मुलांचे हात लागणारच, तेव्हा काचेऐवजी ॲक्रिलिक बरं. ते अमोनियाच्या स्प्रेने पुसू नका, धुरकट होतं.

चित्र हातात येताच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, परत देतानाही. आणि उतरवल्या-उतरवल्या फ्रेम बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, दमटपणा आत कोंडला जातो. आधी बटर पेपर, मग रॅप.