सुंता, खतना आणि जावई

प्रश्न आला आहे : एचआयव्ही रोखण्यासाठी पुरुषांवर जी शस्त्रक्रिया करतात तिला ‘सुंता’ म्हणावं की ‘खतना’? आणि ‘एचआयव्ही-प्रतिबंधक शस्त्रक्रिया’ चालेल का?

नाही चालणार! हे ‘प्रतिबंधक’ ऐकून ऐकून डोकं उठलं आहे. ऐकणारा समजतो, आता लागण होणारच नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटली आणि 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. घटली, थांबली नाही. बाईला तर त्यातून थेट संरक्षण मिळतच नाही, आणि कंडोम लागतोच. म्हणून ‘लागणीचा धोका घटवणारी’ असंच लिहा, लांबलं तरी लांबू द्या.

‘सुंता’ आला ‘सुन्नत’वरून. मूळ अरबी अर्थ वाट, वहिवाट. कापण्याचा त्यात मागमूस नाही.

खरी गंमत ‘खतना’त आहे. तो संस्कृत ‘क्षत’वरून (म्हणजे जखम) आला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. मूळ अरबी, ख-त-न या तीन अक्षरांचा धातू. त्यातून ‘खितान’ म्हणजे सुंता, आणि ‘खतन’ म्हणजे चक्क जावई! हिब्रूत ‘खातान’ म्हणजे नवरदेव. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात मोशेची बायको सिप्पोरा गारगोटीने मुलाची सुंता करते आणि म्हणते, ‘खतन दामीम’, रक्ताचा नवरा. सुंता आणि नवरा एकाच प्रसंगात, एकाच तोंडी!

सुंता आणि जावई-नवरा यांचे शब्द असे जुळतात, याला काही अभ्यासक योगायोग म्हणतात. दोन भगिनीभाषांत एकच योगायोग कसा, हे मात्र सांगत नाहीत. माझ्या मते सुंता हा मुळात लग्नाआधीचा संस्कार. सुंता झाली की मुलगा जावई व्हायला लायक. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा समाजात आजही ती पुरुषपणात पाऊल टाकण्याचा विधी आहे, तान्ह्या बाळाचा नव्हे. केनियातली चाचणी झाली किसुमूला, लुओ लोकांच्या मुलखात. त्यांच्यात सुंतेची चाल नव्हती. त्याऐवजी वयात येताना खालचे दात काढत. आणि आरोग्य संघटनेची 2020 सालची शिफारसही 15 वर्षे आणि त्यापुढच्या मुला-पुरुषांसाठीच आहे. म्हणजे वय पुन्हा जावयापाशीच आलं!

हां, सुंता की खतना? मराठीत ‘सुंता’ रुळलेला आहे, तोच लिहा. फक्त शब्द स्त्रीलिंगी आहे : सुंता केली, ‘सुंता केला’ नव्हे.