बीएएमएसनंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केलं तर धुळे-नंदुरबारकडे नोकरी मिळते का?

हो, मिळते, पण बहुतेक कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत साथरोगतज्ज्ञ, जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक अशा पदांना साधारणपणे 'वैद्यकीय पदवी + एमपीएच/एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी)' अशी अट असते. बीएएमएसवाल्यांना इथेच फायदा होतो. नुसत्या बीएस्सीवर एमपीएच केलेल्यांचा अर्ज याच अटीवर बाद होतो. त्यांना संस्थांमधली सर्वेक्षण, माहिती-विश्लेषण, प्रकल्प-समन्वयाची कामं जास्त जुळतात. करार साधारण ११ महिन्यांचा, नूतनीकरण कामावर आणि निधीवर, म्हणून कर्ज काढून महागडं खासगी एमपीएच करू नका. दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी आधी मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठ बघा. प्रबंधाचा विषय आपल्याकडचाच घ्या: धडगाव-अक्कलकुव्यातलं कुपोषण, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या पाड्यांवरचं लसीकरण. मुलाखतीत हेच विचारतात, आणि अहिराणी, भिली येत असेल तर गावात माहिती खरी मिळते. सोबत एक्सेल आणि आर किंवा एसपीएसएस (आकडेवारीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर) पक्कं करा. बरेच जण तिथंच अडतात.

एक लक्षात ठेवा: एमपीएचमुळे रुग्ण तपासण्याचे अधिकार वाढत नाहीत. लगेच पगार हवा असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी पदाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जवळचा पडतो.