मुद्दाम हरू नका, लिंबूटिंबू ठेवा

ब्रिटन-अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते आणि नेमका तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात धो धो पाऊस असतो. आंबे संपलेले, समुद्र खवळलेला, इथली भावंडं जूनच्या मध्यापासून शाळेत. म्हणजे दिवसभर पडवीत आजी-आजोबा, कॅरमचा बोर्ड आणि पत्त्यांचा कॅट. नातू वर्षातून दोनच आठवडे येणार, त्यामुळे आजोबा हरतात. तेही सफाईने नाही. सोंगटी भोकाच्या तोंडाशी असताना स्ट्रायकर भलतीकडे मारतात.

चार वर्षांच्या मुलाला याचं काही वाटत नाही, त्याला सोंगट्या पडल्या की पुरे. सात-आठ वर्षांचं मूल मात्र बहुधा ओळखतं. ‘आजोबा, मुद्दाम हरलात ना?’ असं एकदा तोंडून निघालं की पुढे खरोखर जिंकलेला डावही त्याला खोटा वाटायला लागतो. मग शनिवारी भावंडं येतात, कोणी सूट देत नाही, आणि आठवडाभर जिंकणारा नातू दोन बोर्डांत साफ होतो. त्या दिवशीच्या रडण्यात हरण्यापेक्षा गोंधळच जास्त असतो.

यावर आपल्याकडे जुनाच तोडगा आहे: लिंबूटिंबू. काही घरांत कच्चा लिंबू म्हणतात. लपाछपीत त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी खेळत राहतो. पण ही सवलत सगळ्यांदेखत, डाव सुरू होण्याआधी ठरलेली असते. मुद्दाम हरण्यात नेमकं हेच नसतं. सवलत उघड दिली की पुढचा खेळ आजोबांनी जीव तोडून खेळायला हरकत नाही.

कॅरमवर ती अशी द्यावी. आजोबांच्या नऊ सोंगट्या पूर्ण, नातवाच्या पाचच मांडायच्या. तो लागोपाठ दोन बोर्ड जिंकला की त्याची एक सोंगटी वाढवायची, लागोपाठ तीन हरला की एक कमी. साधारण तीन डावांत एखादा तो जिंकत असेल तर हिशेब बरोबर बसलाय. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, ही अट पहिले काही दिवस आजोबांपुरतीच ठेवा. डाव्या हाताने खेळणं वगैरे टाळा. ते नाटक वाटतं आणि मुलालाही कळतं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. प्लाय दमट होतं, बोर्ड जड चालतो आणि लहान हाताचा फटका पलीकडे पोचतच नाही. मूल समजतं, आपल्याला जमत नाही. बोर्ड कोरड्या फडक्याने पुसा, शक्य तर वर पिवळा बल्ब टांगून थोडी ऊब द्या आणि मग चिमूटभरच बोरिक पावडर टाका. जास्त टाकली तर स्ट्रायकर हाताबाहेर घसरतो. ही पावडर पोटात जाणं चांगलं नाही, तेव्हा खेळ झाल्यावर हात धुवायला लावा, भज्यांच्या आधी तर नक्कीच.

पत्त्यांत पाच-तीन-दोनपाशी मुलं फार अडतात. तीस पानं, तिघांना दहा-दहा. लहान हातात दहा पानांचा पंखा राहत नाही, पडतो आणि सगळ्यांना दिसतो. उघड्या कंपासपेटीच्या झाकणाआड पानं मांडू द्या. खरी अडचण मात्र ओढण्याची. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पान ओढलं जातं, म्हणजे काल हरलेल्याचा आज एक्काही जातो. नवख्याची तूट वाढतच राहते. पहिला आठवडा ओढाओढ बंद. बदाम सातमध्ये पहिले दोन डाव सगळ्यांनी पानं उघडी ठेवा आणि आजोबांनी मोठ्याने बोलावं: ‘इस्पिकची छक्की माझ्याकडे आहे, पण दुसरं पान चालतंय तोवर ही सोडणार नाही, कारण तुझी पंजी आणि चव्वी तिच्यामागे अडकलीय.’ नातू चौथ्या दिवशी हेच आजोबांवर करतो.

सापशिडीत सवलत देऊच नका. तिथे सगळा फाशाचा खेळ. सापाने गिळलं की परत वर चढवून दिलं तर खेळच उरत नाही.

परदेशात वाढलेलं मूल कधी खेळात हरतं, कधी भाषेत, हे पालकांनी वेगळं ओळखावं. हुकूम, उतारी, कापणं, इस्पिक, किलवर, चौकट हे शब्द भावंडं भराभर बोलतात. याला अर्थ लागेपर्यंत हात गेलेला असतो. विमानात बसायच्या आधी एवढे शब्द पत्ते हातात घेऊन शिकवा. ‘रडीचा डाव खडी’ आणि ‘चिडका बिब्बा’ हेही सांगून ठेवा. नव्या कानाला ती शिवी वाटते. इथे ती आजोबांनाही ऐकावी लागते.

रडू आलंच तर तिथल्या तिथे ‘बरं, तूच जिंकलास’ म्हणू नका आणि हरण्यावर प्रवचनही नको. पाणी द्या, पन्हळीखाली हात भिजवू द्या, दहा मिनिटांनी एखादा छोटा डाव मांडा. जिंकला तर ‘किती हुशार’ म्हणण्यापेक्षा ‘तो भिंतीवरून मारलेला फटका चांगला होता’ असं नेमकं बोला.

एखाद्या संध्याकाळी सगळ्यांना सारखंच अडाणी करायचं असेल तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आणा. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, मिळून एकशेवीस. तिथे बहुतेक आजोबाही चाचपडतात.

सवलत बहुधा मूल स्वतःच नाकारतं. ‘मलाही नऊच मांडा’ म्हणालं की नऊ मांडा, आणि त्या रात्री पाच बोर्ड सलग हरलं तरी त्याने मागितल्याशिवाय एकही उचलू नका. परत गेल्यावर आई-बाबांनीही नऊवरूनच सुरुवात करायची. पुन्हा पाचावर आणलेलं त्याला मुळीच खपत नाही.