दुसरं मूल आणि न मांडलेला हिशोब

अमोलने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर एक्सेल शीट होती आणि फाइलचं नाव होतं ‘दुसरं’. घराचा हप्ता 31,400. लेकीची शाळा, शाळेची बस, पाळणाघर, गावी आईला पाठवायचे 5,000. सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक उणे आकडा. “बघा मॅडम, दुसरं झालं तर महिन्याला एवढे कमी पडतात. मी तीन वेळा करून बघितलं.” शेजारी बसलेली स्नेहल खिडकीबाहेर बघत होती. ही शीट तिने आधीही पाहिली होती, हे लगेच कळत होतं.

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांच्या संमतीने लिहिते आहे.)

लग्नाला सात वर्षं झालेली. चिंचवडला कर्ज काढून घेतलेला टू बीएचके. अमोल चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये, स्नेहल हिंजवडीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसला. आर्या चार वर्षांची. अमोलची आई सातारा जिल्ह्यातल्या गावी असते आणि दर रविवारच्या फोनवर एकच वाक्य ठरलेलं: “एकाला एक सोबत नको का रे?” स्नेहल 33 वर्षांची. पहिल्या भेटीत ती फारशी बोलली नाही. निघताना मात्र दारातच थांबून म्हणाली, “आम्हाला दुसरं नकोच आहे असं नाही. हिंमत होत नाही. आम्ही खरंच स्वार्थी झालोय का हो?”

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जोडप्यांकडून ऐकला आहे, की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

स्नेहलला मी सर्वांत आधी सांगितलं, की या कोड्यात ती एकटी नाही. 1992-93 साली पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, तेव्हा महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 2.9 च्या आसपास मुलं होती. 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात ती 1.7 वर आली. गोव्यात तर 1.3. एक पिढी पुढच्या पिढीची जागा भरून काढते म्हणायचं, तर हा आकडा 2.1 लागतो. म्हणजे अख्खं राज्य त्या रेषेखाली आलं आहे. एवढी सगळी माणसं एकाच पिढीत अचानक स्वार्थी होत नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने 14 देशांतल्या लोकांना विचारलेल्या प्रश्नांचा अहवाल 2025 मध्ये आला, त्यात भारतही होता. हवी तेवढी मुलं का होत नाहीत, याचं कारण म्हणून 39 टक्के लोकांनी पैशांची ओढाताण सांगितली. नोकरीची शाश्वती नाही, घर पुरत नाही, मुलाला सांभाळायला कुणी नाही, ही उत्तरंही त्या यादीत होती. स्नेहल तिच्याही नकळत त्याच यादीतली वाक्यं बोलत होती.

पण आकडे सांगून घरातली तेढ सुटत नाही. मला अमोलच्या शीटमध्ये काहीतरी खटकत होतं. मी त्याला विचारलं, “यात स्नेहलचा पगार वरच्या रकान्यात दर महिन्याला तसाच धरलाय. बाळ झाल्यावरही?”

“हो. सहा महिने भरपगारी रजा मिळतेच की.”

स्नेहल पहिल्यांदा वळली. “मागच्या वेळी काय झालं ते माहीत आहे ना तुला?”

मग ते बाहेर आलं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणंही मालकावर बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाता आलं पाहिजे. रजा तिला मिळाली होती. परत गेली तेव्हा तिची टीम दुसऱ्याच्या हाताखाली गेलेली. तिने शिकवून तयार केलेली मुलगी आता तिची वरिष्ठ. पाळणाघर कागदावर होतं, ऑफिसपासून बरंच लांब. तेवढ्यासाठी तिथपर्यंत कोण जाणार? त्या वर्षी पगारवाढ नाही. “मला कुणी काढलं नाही,” ती म्हणाली, “पण मी दोन वर्षं मागे गेले. ती दोन वर्षं यांच्या शीटमध्ये कुठे आहेत?”

अमोल गप्प झाला. त्याने ही गोष्ट ऐकलेली होती, पण ती पैशांत मोजायची असते हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. ही रजा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मालकाच्या खिशातून जाते; कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) बसणाऱ्या कामगारांचं तेवढं वेगळं, त्यांचे पैसे योजना देते. त्यामुळे तिशीतली विवाहित बाई मुलाखतीला आली की तिच्याकडे खर्च म्हणून बघण्याची सवय अनेकांना लागली आहे. बापाला रजा द्यायची म्हटली, तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीत तसा कायदाच नाही. म्हणजे बाळ दोघांचं, आणि नोकरीवरचा ओरखडा एकटीचा. मला याची चीड येते आणि ती मी लपवत नाही.

त्या दिवशी मी स्नेहलला घरचा अभ्यास दिला. तिचीही शीट करायची, फक्त रुपयांऐवजी तासांची. पुढच्या वेळी ती आर्याच्या चित्रकलेच्या वहीतलं पान घेऊन आली. मागच्या बाजूला जांभळ्या खडूचा हत्ती होता. पुढच्या बाजूला लिहिलेलं: 5.20 उठणे. डबे तीन. आर्याची वेणी, आंघोळ, दूध (रडारड 15 मि.). 7.40 बस. 8.10 मी बस. संध्याकाळी 6.50 पाळणाघर, उशीर झाला तर ताई बोलतात. स्वयंपाक. गृहपाठ. 10.45 ओटा. शेवटची ओळ होती: ‘अमोल: रात्रपाळी नसेल तेव्हा भाजी आणतो, आर्याला झोपवतो.’ हे तिने तक्रारीच्या सुरात लिहिलेलं नव्हतं. अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि म्हणूनच ते वाचताना अमोलचा चेहरा उतरला.

2019 मध्ये देशभरात लोकांच्या वेळेची पाहणी झाली होती. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. ही 97 सुद्धा जे पुरुष काही करत होते त्यांची. जवळजवळ चारातल्या तीन पुरुषांनी पाहणीच्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं नोबेल मिळालं, त्यांनी मांडलेली एक गोष्ट मला रोजच्या कामात पटत जाते. जिथे देश झपाट्याने श्रीमंत झाला, मुली शिकल्या, कमावू लागल्या, पण घरातली पुरुषाची वागणूक जुनीच राहिली, तिथे जन्मदर सर्वांत खाली गेला. दक्षिण कोरियात 2023 साली तो 0.72 होता. पैसा तिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

तिसऱ्या भेटीला सासूबाई आल्या. अमोलनेच त्यांना गावाहून आणलं. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घेवड्याच्या शेंगा. मला वाटलं होतं वाद होईल. मी त्यांना एवढंच विचारलं, “तुम्हाला तिघं. कशी वाढवली?”

त्या खुलल्या. घरात दोन जावा. एकीचं पोर दुसरीच्या मांडीवर. “शाळा गावातच, फी कसली? दफ्तर म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी. आठ वर्षाचं झालं की शेरडं बघायचं, पाण्याची पाळी आली की बापासंगं बांधावर. खायाला एक तोंड वाढलं तर कामाला दोन हात वाढायचे.” जॉन कॉल्डवेल नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1976 मध्ये हेच सिद्धान्त म्हणून मांडलं होतं: जोवर मुलांकडून आईबापांकडे श्रम आणि पैसा वाहतो तोवर मुलं भरपूर होतात, आणि शिक्षणामुळे तो ओघ उलटा झाला की कमी होतात. या बाईंनी ते बांधावर उभं राहून पाहिलं होतं.

“मग तीनवरच का थांबलात?” मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. “अमोल झाला आन् दोन महिन्यांनी आपरेशन केलं. तालुक्याला कॅम्प होता. मालक म्हणले, आता पुरे, जमिनीचे तीन तुकडे व्हायचे न्हाईतर.” मग सुनेकडे बघून, हलक्या आवाजात: “माझी कंबर तवापासनं धरती. मी कुणाला सांगितलं न्हाई.”

स्नेहलने त्यांचा हात धरला. म्हणजे हिशोब त्या पिढीनेही केलेला होता. जमिनीचा, तोंडांचा, हातांचा. आणि तेव्हाही त्याची किंमत बाईच्या शरीराने चुकवलेली. आजही महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांचं कुटुंबनियोजन म्हणजे स्वतःचं ऑपरेशन. पुरुष नसबंदी एक टक्काही नाही.

एक प्रश्न विचारायचा राहिला होता आणि तो टाळून चालत नाही. “आई, सोबत म्हणून दुसरं हवंय की मुलगा म्हणून?” गर्भातल्या मुलाचं लिंग तपासायला बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानेच केला, 1988 मध्ये. तरी हा प्रश्न घराघरांत आहेच, आणि पहिली मुलगी असली की ‘दुसरं’ या शब्दामागे बहुतेक वेळा तोच असतो. सासूबाई पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही.” हे खरं उत्तर होतं. अमोल तिथेच म्हणाला, “आई, मुलासाठी म्हणून आम्ही काही करणार नाही.” ते त्याने माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

वयाची भीती वेगळी होती. मैत्रिणीने सांगितलं म्हणून स्नेहलने एएमएच तपासणी करून घेतली होती आणि आकडा थोडा कमी आल्यापासून तिची झोप उडालेली. या तपासणीतून अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो. नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही. पस्तिशीनंतर शक्यता उतरत जाते हे खरं, पण छत्तिसाव्या वाढदिवसाला दार धाडकन बंद होतं असं नाही. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, दोघांना. तपासणी फक्त बाईची करायची ही पद्धत मला मान्य नाही.

पुढच्या भेटीत अमोलने मला चकित केलं. “एकावर थांबायचं ठरलं तर ऑपरेशन मी करून घेतो. आईचं ऐकल्यावर हिला ‘तू करून घे’ असं नाही सांगणार.” बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असते, नंतर साधारण तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. पण मी त्यांना घाई करू नका म्हटलं. हप्त्याच्या ताणाखाली घेतलेला कायमचा निर्णय ताण उतरला की टोचू शकतो. तांबी आहे, निरोध आहेत. वर्षभर थांबा आणि त्या वर्षात एकच बदल करून बघा: सकाळ अमोलची.

आर्याला कुणी विचारलं नव्हतं असं नको म्हणून तिलाही आणलं होतं एकदा. भाऊ-बहीण हवी का, असं आजीने विचारल्यावर ती म्हणाली, “मला ससा पाहिजे.” एकुलतं मूल हट्टी, एकलकोंडं होतं ही समजूत मला माझ्या कामात खरी दिसलेली नाही. ज्या मुलांना खेळायला शेजारची मुलं आणि बोलायला मोकळे आईबाप असतात, ती एकटी असली तरी एकटी पडत नाहीत.

आत्ता सहा महिने झालेत. डबे अमोल करतो. पहिल्या आठवड्यात पोळ्या विकत आणल्या, आता भाजी त्याची आणि पोळ्यांना बाई. सासूबाई म्हणाल्या आहेत, दुसरं झालं तर वर्षभर येऊन राहीन, पण ओट्यापाशी उभी राहणार नाही, कंबर साथ देत नाही. ही अटही शीटमध्ये लिहिली गेली आहे. स्नेहलने अंतर्गत बदलीसाठी अर्ज केला आहे, घराजवळच्या ऑफिसला. निर्णय अजून झालेला नाही. फाइलचं नाव ‘दुसरं’च आहे, पण रुपयांच्या शेजारी आता दोन नवे रकाने आहेत, ‘तास’ आणि ‘कोण’. दोघं मार्चमध्ये परत येणार आहेत. तोवर बदलीचं कळलेलं असेल.