काम सारखं म्हणून प्रथिनं सारखी? मग बिघाडही सारखाच कसा?

तुमची शंका अशी: माणूस, घोडा, यीस्ट सगळ्यांनाच श्वसनासाठी सायटोक्रोम सी हे प्रथिन लागतं, मग ते सारखं असणारच, त्यातून समान पूर्वज कसा सिद्ध होतो? शंका रास्त आहे. नुसतं साम्य पुरत नाही. कामाला ज्याची गरज नाही असं साम्य शोधावं लागतं.

माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्लं (प्रथिनाचे एकापुढे एक जोडलेले घटक) असतात. चिंपांझीशी फरक शून्य, ऱ्हीसस माकडाशी १, घोड्याशी १२, यीस्टशी चाळीसच्या आसपास. तरीही यीस्टचं स्वतःचं जनुक काढून माणसाचं घातलं, तर यीस्टचं श्वसन चालतं. म्हणजे एवढे फरक कामाला चालतात. मग ते नात्याच्या उतरंडीनेच का वाढावेत? १९६७ साली फिच आणि मार्गोलियाश यांनी या एकाच प्रथिनावरून वंशवृक्ष काढला, तो शरीररचनेवरून काढलेल्या वृक्षाशी बराचसा जुळला.

माझ्या मते याहून भक्कम पुरावा क जीवनसत्त्वाचा आहे. बकरी ते स्वतःच्या यकृतात बनवते. त्यातली शेवटची पायरी गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे एंझाइम करतं. आपल्यात त्याचं जनुक आठव्या गुणसूत्रावर मोडक्या अवस्थेत पडून आहे, म्हणून आहारात क जीवनसत्त्व नसेल तर स्कर्व्ही होतो. चिंपांझी, ओरांगउटान, मकाक माकडं यांच्यातही ते मोडकंच आहे. माकडांचा दूरचा नातलग असलेल्या लेमूरमध्ये मात्र शाबूत. गिनीपिगचंही मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेने आणि स्वतंत्रपणे. बिघडलेल्या जनुकाला काम उरलेलं नसतं, त्यामुळे ‘काम सारखं म्हणून’ हा खुलासा इथे लागूच होत नाही; समान पूर्वजाकडून आलेला बिघाड हा खुलासा मात्र बसतो.

स्वतः पडताळायचं तर युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर जा. माणसाच्या सायटोक्रोम सीचा क्रमांक पी अक्षर आणि पुढे पाच वेळा नऊ (P99999). घोड्याचा, यीस्टचा अमिनो आम्लांचा क्रम शोधून फास्टा या साध्या मजकूर स्वरूपात घ्या आणि क्लस्टल ओमेगा या क्रम जुळवून दाखवणाऱ्या साधनात माणसाच्या क्रमासोबत एकत्र टाका. तिथे माणसाच्या प्रथिनाची लांबी १०५ दिसेल, कारण सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल धरलेलं असतं. पक्व प्रथिनात ते नसतं. यीस्टच्या सुरुवातीला जास्तीची अमिनो आम्लं आहेत, ती फरकांत मोजू नका. उंदराबाबत विशेष जपा: त्याला सायटोक्रोम सी दोन आहेत. वृषणातलं घेतलंत तर फरक फुगतो, कारण मग तुम्ही माणूस आणि उंदीर वेगळे झाल्याचं अंतर मोजत नसता, जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या झाल्याचं मोजत असता.