ड्यू डेट उलटली तरी कळा नाहीत, आता काय?

प्रश्न: ताई, माझं पहिलंच बाळंतपण आहे. ४० आठवडे होऊन वर चार दिवस गेलेत पण कळांचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणाल्या अजून दोन-तीन दिवस वाट बघू, नाहीतर अ‍ॅडमिट करून कळा सुरू करू. सासूबाईंचं म्हणणं बाळ त्याच्या वेळेला येतंच, उगाच घाई कशाला, आणि माझ्या बहिणीच्या वेळी औषधाने कळा आणल्या होत्या तर शेवटी सिझरच करावं लागलं, त्यामुळे तीपण नको म्हणते. रोज फोन येतात, झाली का, झाली का. मला रात्री झोप लागत नाहीये. थांबू की अ‍ॅडमिट होऊ?

उत्तर: आधी ते फोन घ्यायचं काम नवऱ्याकडे दे, तुझ्या डोक्याला तो ताप नको. आणि एक लक्षात घे, तुझे दिवस भरलेत पण तू 'ओव्हर' गेलेली नाहीस. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात गं, आणि पहिल्या खेपेला थोडं पुढे जाणं तर अगदी कॉमन आहे. ४२ आठवडे पूर्ण झाले की मगच त्याला मुदत उलटलेलं बाळंतपण म्हणतात.

पण म्हणून सासूबाई म्हणतात तसं कितीही थांबलं तरी चालेल असंही नाही. बाळाला अन्न, ऑक्सिजन सगळं वारेतून (प्लॅसेंटातून) मिळतं आणि ४१ आठवड्यांनंतर काही जणींमध्ये वारेचं काम मंदावायला लागतं, पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याचं प्रमाण वाढतं, बाळाचं वजन वाढत राहिलं तर खांदे अडकायचीही भीती असते. बहुतेक बाळांना यातलं काही होत नाही, तरी पोटात बाळ दगावण्याचा धोका, जो मुळात खूप कमी असतो, तो या काळात आठवड्यागणिक वाढत जातो. स्वीडनमध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला. जवळपास १४०० जणींच्या कळा ४१ आठवड्यांना सुरू केल्या आणि तेवढ्याच जणींना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो अभ्यास मध्येच बंद करावा लागला. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, १४०० मध्ये सहा म्हणजे थांबलेल्या बाकी सगळ्यांची बाळं वाचली हेही बघ, पण ती सहा घरं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणूनच तारीख पक्की असेल तर ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझ्या डॉक्टर तेच म्हणतायत, दोन-तीन दिवसांनी तुझे ४१ च होतात की.

आता बहिणीचं. ज्यांच्या कळा आपोआप सुरू झाल्या त्यांच्याशी तुलना केली तर औषधवाल्यांचे सिझर जास्त दिसणारच. पण तुझ्यापुढे तो पर्याय आत्ता आहे कुठे, तुझ्यापुढे आहे आज कळा आणणं किंवा अजून थांबणं, आणि थांबलेल्यांचेही पुढे सिझर होतात. अशी सरळ तुलना केलेल्या ३४ अभ्यासांचा, २१ हजारांहून जास्त बायकांचा आढावा २०२० मध्ये आला, त्यात कळा आणलेल्या गटात सिझर उलट थोडे कमीच निघाले. बहिणीच्या वेळी नक्की काय झालं ते मला माहीत नाही, पण बऱ्याचदा गर्भपिशवीचं तोंड अजून कच्चं असतं आणि पुरेसा वेळ दिला जात नाही.

वेळेचंच मला खरं महत्त्वाचं वाटतं कारण हे आधी कोणी नीट सांगत नाही आणि मग बायका खचतात. डॉक्टर आधी आतून तपासतील, तोंड किती उघडलंय, किती मऊ आणि पातळ झालंय, पुढे आहे की मागे, बाळाचं डोकं किती खाली आलंय, याला मार्क देतात, बिशप स्कोर म्हणतात त्याला. सहा किंवा कमी आला तर तोंड अजून तयार नाही. मग आधी ते मऊ करायचं, त्यासाठी जेल किंवा गोळ्या, नाहीतर बारीक नळीचा फुगा आत ठेवून त्यात पाणी भरतात, तोंड थोडं उघडलं की तो आपोआप गळून पडतो. काही डॉक्टर त्याआधी एखाद-दोन दिवस बोट फिरवून पाण्याची पिशवी कडेने सुटी करतात, दुखतं, थोडं रक्त दिसतं, पण त्यानेही काही जणींच्या कळा सुरू होतात. तोंड तयार झालं की पाण्याची पिशवी फोडणं आणि कळांची ड्रिप. ड्रिप अगदी कमीवर सुरू होते, साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत नेतात, पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघत बघत, आणि कळा फार जवळजवळ यायला लागल्या किंवा ठोके पडले तर लगेच कमी करतात किंवा बंद करतात. पहिल्या खेपेला हे सगळं मिळून एक दिवस, दीड दिवस, कधी दोन दिवससुद्धा लागतात. सकाळी अ‍ॅडमिट झाले आणि रात्री काहीच झालं नाही म्हणजे फेल गेलं असं अजिबात नाही. बाळ आणि तू ठीक असाल तर पाण्याची पिशवी फुटल्यावर ड्रिपला निदान १२ ते १८ तास द्यायला हवेत. ड्रिपच्या कळा जास्त जोरात वाटतात असं बऱ्याच जणी सांगतात, म्हणून दुखणं कमी करायला काय मिळेल ते आधीच विचारून ठेव.

डॉक्टरांना जाऊन विचार, माझा स्कोर किती आहे, तोंड कच्चं असेल तर आधी काय वापरणार, किती वेळ वाट बघणार, आणि ४१ पर्यंत थांबायचं तर मधल्या दिवसांत ठोक्यांची आणि पाण्याची तपासणी कधी. प्रश्न विचारले म्हणून कोणी रागावत नाही गं, आणि रागावलं तरी विचार. मला विचारशील तर तपासण्या नॉर्मल असतील तोवर हे दोन-तीन दिवस थांब आणि ४१ पूर्ण झाले की अ‍ॅडमिट हो.

एवढं मात्र ज्यांना बीपी, शुगर आहे, बाळाची वाढ कमी आहे, पाणी कमी झालंय किंवा आधीच फुटलंय, त्यांनी हा हिशोब स्वतःला लावू नये, त्यांना याआधीच कळा आणाव्या लागू शकतात. आणि आधीचं सिझर असेल तर काही औषधं वापरतच नाहीत, जुना टाका उसवायची भीती असते, तेव्हा नवीन डॉक्टर असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

प्रश्न: माझ्या पाळीवरून तारीख वेगळी, तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वेगळी आणि नवव्या महिन्यात आणखी तिसरीच आली. कुठली खरी मानू?

उत्तर: तिसऱ्या महिन्यातली. पाळीवरून २८० दिवस मोजतात पण त्यात पाळी दर २८ दिवसांनी येते असं गृहीत धरलेलं असतं, तुझी ३५ दिवसांनी येत असेल तर तिथेच आठवड्याचा फरक पडला. सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, त्या वयात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात म्हणून चूक झाली तरी पाच-सात दिवसांचीच. नवव्या महिन्यात एखादं बाळ थोराड असतं एखादं बारीक, त्यामुळे अंदाज तीन आठवडेही चुकू शकतो, त्या रिपोर्टवरून तारीख बदलायची नसते. जुना रिपोर्ट शोधून फाइलमध्ये वर लावून ठेव, कारण ४१ झाले की नाही ते त्यावरूनच ठरणार.

प्रश्न: कळा येण्यासाठी एरंडेल घेऊ का? आणि कालपासून बाळ कमी हलतंय, शेजारच्या काकू म्हणाल्या शेवटी जागा उरत नाही म्हणून होतं तसं. परवा तपासणी आहेच, तेव्हा सांगू ना?

उत्तर: एरंडेल नको, जुलाब होऊन अंगातलं पाणी जाईल आणि ऐन कळांच्या वेळी तू गळून जाशील. चालायचं तर चाल, त्याने कळा येतीलच असं नाही पण बरं वाटतं. दुसरं मात्र परवावर टाकू नकोस. शेवटच्या दिवसांत बाळाच्या लाथा जाऊन ढकलणं, वळणं असं वाटू शकतं, पण हालचाल कमी होत नाही, काकूंचा समज चुकीचा आहे. हे वाचत असशील तेव्हाच हॉस्पिटलला फोन कर, हालचाल कमी झालीय असं स्पष्ट सांग आणि आजच जाऊन ठोके तपासून घे, रात्र असली तरी जा. सगळं ठीक निघालं तर घरी पाठवतील, आणि पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा जायचं.